सध्या काय वाचताय? वाचकांचे प्रश्न, ‘वाचनकट्ट्या’ची उत्तरं

या महिन्याच्या टपालात ‘चांगली पुस्तकं सुचवा’ असं म्हणणारी पत्रं सर्वांत जास्त आहेत. नुसती नावं सांगायला फारसं काही लागत नाही. ते पुस्तक कुणी वाचायचं, कुठून सुरू करायचं आणि कुठं अडेल, हे सोबत सांगितलं नाही तर ते नाव वहीत पडून राहतं. म्हणून या वेळी थोडीच पुस्तकं घेतली आहेत आणि प्रत्येकाबद्दल जरा जास्त बोललो आहोत.

प्रश्न : आमचा बारा जणांचा गट महिन्यातून एकदा जमतो. प्रत्येक जण ‘सध्या काय वाचतोय’ ते सांगतो. ऐकताना सगळे माना डोलावतात, पण पुढच्या महिन्यापर्यंत एकानंही दुसऱ्यानं सांगितलेलं पुस्तक हातात घेतलेलं नसतं. काय चुकतं?
— एक वाचक, सेलू

उत्तर : दोन गोष्टी चुकत असणार. पहिली म्हणजे बारा जणांनी बारा पुस्तकं सांगितली की घरी जाईपर्यंत एकही लक्षात राहत नाही. एका बैठकीला तिघांनीच बोलावं, बाकीच्यांची पाळी पुढच्या महिन्यांत. दुसरी गोष्ट अशी की बोलणारा बहुतेक वेळा गोष्टच सांगून टाकतो. शेवटासकट कथानक कळल्यावर पुस्तक कोण उघडणार?

बोलणाऱ्याला दहा मिनिटं द्या आणि त्यातली तीन मिनिटं पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचण्यासाठी राखून ठेवा. डेमी म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर साधारण अडीचशे-तीनशे शब्द मावतात, ते सावकाश वाचायला दोन-अडीच मिनिटं लागतात. पान पहिलं नको. सुरुवातीची पानं लेखकानं घासूनपुसून ठेवलेली असतात. मधलं कुठलंही पान घ्या, म्हणजे भाषेची खरी चव ऐकणाऱ्याला कळते आणि हे आपल्याला झेपेल की नाही याचा अंदाज त्याला स्वतःला येतो.

उरलेल्या वेळात बोलणाऱ्यानं एवढंच सांगावं : प्रकाशक आणि आवृत्तीचं वर्ष, पानं किती, किंमत किती, हे कुणाला आवडेल, कुणाला आवडणार नाही, कुठवर धीर धरावा लागतो, आणि प्रत सध्या कुणाकडे आहे. यातलं ‘कुणाला आवडणार नाही’ हे लोक टाळतात. खरं तर शिफारशीवर विश्वास बसतो तो त्याच वाक्यामुळं. जो प्रत्येक पुस्तकाला ‘अप्रतिम, वाचायलाच हवं’ म्हणतो, त्याचं तिसऱ्या महिन्यापासून कुणी ऐकत नाही.

आता प्रतीचं गणित. तीनशे पानांचं पुस्तक रोज अर्धा तास वाचलं तर दोन ते अडीच आठवडे पुरतं, म्हणून एकाला २१ दिवस धरा. बारा जणांत एकच प्रत फिरवली तर २५२ दिवस होतात, म्हणजे शेवटच्या माणसाच्या हाती ती साडेसात महिन्यांनी पडणार. तोवर त्या पुस्तकावरचं बोलणं शिळं झालेलं असतं. तीन प्रती घेतल्या तर एका प्रतीवर चार वाचक, ८४ दिवसांत फेरी पूर्ण. एक प्रत वर्गणीतून, एक सार्वजनिक वाचनालयातून आणि एक कुणाच्या तरी घरची, एवढं जमवणं अवघड नाही.

देवघेवीची नोंद एकाच वहीत ठेवा : पुस्तक, नेणारा, नेल्याची तारीख, परतीची तारीख, सही. वही पुस्तकांच्या मालकाकडे न देता तिसऱ्याच माणसाकडे द्या. मालकाला आपल्याच मित्राकडे पुस्तक परत मागायला संकोच वाटतो, आणि पुस्तकं बुडतात ती तिथंच.

प्रश्न : मराठवाड्यातल्या शेतीवर आणि खेड्यावर वाचायचं आहे. ‘बारोमास’ वाचून झाली. आपल्याकडचंच असं आणखी काय आहे? मी कृषी पदविका करतोय, कथा-कादंबऱ्या फार वाचलेल्या नाहीत.
— विद्यार्थी, परभणी

उत्तर : एक दुरुस्ती आधी. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ बुलढाण्याकडची, म्हणजे विदर्भातली. २००४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकलेल्या पोरांची शेतीत होणारी कोंडी तुम्हांला तिथं ओळखीची वाटली असेल, पण तिची बोली आणि मुलूख वेगळा.

आपल्याकडची सुरुवात रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’नं करा. १९७१ची ही कादंबरी छोटी आहे, दोन-तीन बैठकांत संपते. गावातल्या शिंप्याच्या घराची पडझड त्याची बायको आपल्या तोंडानं सांगते, आणि सबंध कादंबरी तिच्याच बोलीत आहे. बोराडे लातूरकडच्या काटगावचे, त्यामुळं परभणीच्या कानाला ही बोली परकी नाही. तरी पहिल्या दहा-बारा पानांत डोळे अडखळतात, कारण आपल्याला बोली ऐकायची सवय असते, छापलेली वाचायची नसते. तेवढी पानं मोठ्यानं वाचा, पुढं आपोआप वेग येतो. शेतीचे तपशील शोधायला गेलात तर मात्र निराश व्हाल. गावात अंगभर कष्ट करून जगणाऱ्या, पण जमिनीचं बळ पाठीशी नसलेल्या माणसाला गाव कसं चेपतं, हा तिचा विषय आहे. शेतीच्या विद्यार्थ्यानं तर हे वाचायलाच हवं, कारण अभ्यासक्रमात ‘गाव’ म्हणजे फक्त खातेदार असतात.

त्यानंतर भास्कर चंदनशिव यांच्या कथा. ‘लाल चिखल’ पाठ्यपुस्तकात होती, म्हणून अनेकांना शाळेतला धडा म्हणून ती आठवते : बाजारात टमाट्याचा भाव कोसळतो आणि बाप आपलाच माल पायाखाली तुडवतो. धडा म्हणून वाचली असेल तर आता कृषी पणनाचं उदाहरण म्हणून पुन्हा वाचा. नाशवंत माल, साठवणुकीची सोय नाही, एकाच दिवशी सगळ्यांची आवक आणि परत न्यायला गाडीभाडं परवडत नाही, हे चारही दुवे त्या चार-पाच पानांत आहेत. मग ‘जांभळढव्ह’, ‘मरणकळा’, ‘अंगारमाती’ हे संग्रह मिळतील त्या क्रमानं घ्या. एका दमात मात्र वाचू नका. सलग वाचल्या तर दुःखाचा सूर एकसारखा वाटू लागतो, तो कथांचा दोष नाही. दिवसाला एक कथा पुरे.

आजच्या गावासाठी आसाराम लोमटे. ‘आलोक’ला २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, त्याआधीचा संग्रह ‘इडा पीडा टळो’. या दीर्घकथा आहेत, एकेक कथा तासभर मागते आणि मध्येच सोडली तर धागा तुटतो. गावातली निवडणूक, जातीचं गणित, योजना आणि कागदपत्रं यांची गुंतागुंत ते पत्रकाराच्या नजरेनं पकडतात. म्हणूनच यांना शेवटी ठेवलं. ‘पाचोळा’तलं गाव डोक्यात असलं की पन्नास वर्षांत काय बदललं आणि काय तसंच राहिलं हे वेगळं सांगावं लागत नाही.

कवितेची आवड नसली तरी दोन पातळ पुस्तकं जवळ ठेवा : ना. धों. महानोर यांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) आणि इंद्रजित भालेराव यांचं ‘पीकपाणी’. पहिल्यात रान डोळ्यांनी दिसतं, दुसऱ्यात ते राबणाऱ्याच्या अंगानं येतं. कुणाचं आधी वाचावं यावर आमच्यात एकमत नाही. तुम्ही परभणीचे, तेव्हा भालेराव आधी घ्या.

प्रश्न : १७ सप्टेंबरला शाळेत भाषण देते, पण दर वर्षी तेच चार परिच्छेद. हैदराबाद मुक्तिसंग्रामावर नीट वाचायचं तर कोणत्या क्रमानं वाचावं? जाडजूड इतिहास दोनदा सुरू करून सोडला.
— शिक्षिका, परतूर

उत्तर : जाडजूड इतिहासानं सुरुवात केली म्हणूनच सुटला. आधी एका माणसाचा हात धरा. नरेंद्र चपळगावकर यांचं ‘कर्मयोगी संन्यासी’ हे स्वामी रामानंद तीर्थांचं चरित्र घ्या. हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांतला शिक्षक संस्थानव्यापी लढ्याच्या मुखाशी कसा आला, हे त्यात उलगडतं आणि संस्थानातल्या संघटना, मतभेद, माणसं ओघात ओळखीची होतात. चपळगावकर स्वतः न्यायाधीश होते, त्यामुळं आरोप आणि पुरावा वेगळा ठेवायची शिस्त त्यांच्या लेखनात आहे.

ते झालं की अनंत भालेराव यांचं ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’. बहुधा हेच तुम्ही सोडलं असणार. आता ते सलग वाचू नका. अनुक्रमणिकेतून तुमच्या जिल्ह्याचे आणि १९३८च्या सत्याग्रहाचे भाग आधी काढा. तुमच्या परतूरलाच १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं होतं. भाषणाची सुरुवात तिथून केलीत तर पोरं जागी होतील.

वाचताना एक कागद खुणेसाठी ठेवा आणि त्यावर एवढ्या तारखा लिहा : २९ नोव्हेंबर १९४७ निजाम आणि भारत सरकार यांच्यातला ‘जैसे थे’ करार, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ पोलीस कारवाई (हैदराबादवरची भारताची लष्करी कारवाई), २६ जानेवारी १९५० निजाम राजप्रमुख, १ नोव्हेंबर १९५६ मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात, १ मे १९६० महाराष्ट्र. निम्मा गोंधळ या तारखा एकमेकांत मिसळल्यानं होतो. भाषणांत ‘१७ सप्टेंबरला मराठवाडा महाराष्ट्रात आला’ असं सर्रास ऐकू येतं, ते जवळजवळ बारा वर्षांनी चुकतं.

दुसरा गोंधळ जिल्ह्यांचा. त्या काळच्या मराठवाड्यात पाचच जिल्हे होते : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना १९८१ला, लातूर १९८२ला आणि हिंगोली १९९९ला वेगळे झाले. जुन्या पुस्तकाच्या सूचीत लातूर जिल्हा सापडणार नाही, उस्मानाबादखाली शोधा. हिंगोली परभणीत, आणि अंबाजोगाई ‘मोमिनाबाद’ या नावानं. तुमचं परतूरही तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. वाचनालयाच्या संगणकात आता उलटी अडचण आहे : काही नोंदी औरंगाबाद-उस्मानाबाद, काही छत्रपती संभाजीनगर-धाराशिव. दोन्ही नावांनी शोध घ्या.

निजामी कागदपत्रांत साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेतलं असतं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. पण हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होत असल्यानं जानेवारीनंतरच्या महिन्यांना ५९१ मिळवावे लागतात. सप्टेंबर १९४८ म्हणजे फसली १३५७.

यापुढं दोन दिशा. संस्थानचा कारभार आतून कसा चालायचा, उर्दूतलं शिक्षण आणि तिथलं सुसंस्कृत जग कसं होतं, यासाठी सेतुमाधवराव पगडी यांचं आत्मचरित्र ‘जीवनसेतू’. पगडी निलंग्याचे, निजामाच्या मुलकी सेवेत होते, आणि त्यांची स्मरणशक्ती दांडगी. आणि लढ्याचा अर्थ लावायचा असेल तर नरहर कुरुंदकरांचे हैदराबादवरचे लेख. कुरुंदकर पहिल्यांदाच घेतले तर त्यांचा युक्तिवाद इतका ठाम असतो की वाचक नुसतं मान्य करत जातो. इतिहास थोडा पक्का झाल्यावर वाचले तर त्यांच्याशी मनातल्या मनात भांडता येतं, आणि त्यांच्या लेखनाची गंमत त्यातच आहे.

पोलीस कारवाईनंतरच्या हिंसेचा विषय शाळेतल्या भाषणात येत नाही. त्यावर नेहरूंनी नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल आहे. तो अनेक वर्षं दडून होता, आता वाचायला मिळतो. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचे अत्याचार वाचले आणि हे वाचलं नाही, तर चित्र अर्धंच राहतं.

प्रश्न : पैठणच्या ओढीनं ‘लीळाचरित्र’ घेतलं. दहा पानांत दमले. सोडून देऊ का?
— निवृत्त परिचारिका, गेवराई

उत्तर : सोडू नका, दार बदला. आधी केसोबासांचा ‘दृष्टान्तपाठ’ वाचा. ‘लीळाचरित्र’ ज्यांचं चरित्र आहे त्या, महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी सांगितलेले ११४ दृष्टान्त त्यात आहेत, बहुतेक पाव ते अर्ध्या पानाचे. प्रत्येकाचे तीन तुकडे असतात : सूत्र (मूळ वचन), दृष्टान्त (गोष्ट) आणि दार्ष्टान्तिक (गोष्टीचा वचनाशी लावलेला अर्थ). पहिल्या वाचनात मधला दृष्टान्त तेवढाच वाचा. ती चटकन कळणारी गोष्ट असते, जन्मांध लोक आणि हत्ती ही सुद्धा तिथलीच. सूत्र आणि दार्ष्टान्तिक दुसऱ्या फेरीला. रोज पाच घेतले तर महिन्याभरात जुन्या मराठीची भीती जाते.

मग ‘लीळाचरित्रा’कडं परत या, पण ‘एकांक’ हा पहिला भाग बाजूला ठेवून ‘पूर्वार्धा’पासून. एकांकात चक्रधर एकटेच फिरतात. पूर्वार्धात भोवती माणसं जमलेली असल्यामुळं संवाद जिवंत आहेत आणि संवादच या ग्रंथाची जान. माणसं तीनच पाठ करा : ‘गोसावी’ किंवा ‘सर्वज्ञ’ म्हणजे चक्रधर, ‘बाइसा’ त्यांची काळजी वाहणारी वडीलधारी शिष्या, ‘भटोबास’ म्हणजे नागदेवाचार्य. बाकीची येत-जात राहतात.

भाषेत अडतं ते बहुधा नेहमीच्या रूपांपाशी. ‘जालें’ म्हणजे झालं, ‘निगाले’ म्हणजे निघाले, ‘म्हणीतलें’ म्हणजे म्हटलं, ‘कव्हणी’ म्हणजे कुणी, आणि शब्दांच्या शेवटी उकार किंवा ओकार : ‘एकु’, ‘देवो’. ‘एळापूर’ दिसलं की वेरूळ समजा. एवढी यादी पुठ्ठ्यावर लिहून पुस्तकात ठेवली की दर ओळीला शब्दकोश उघडावा लागत नाही. ‘लीळाचरित्रा’चे कर्ते म्हाइंभट यांनी या आठवणी शिष्यांकडून विचारून विचारून जमवल्या, म्हणून एकाच प्रसंगाबद्दल कधी दोन-तीन पाठ येतात, अमक्याचं म्हणणं असं, तमक्याचं तसं. ती छपाईची चूक समजू नका. तेराव्या शतकात कुणी साक्षी अशा वेगवेगळ्या नोंदवून ठेवतो, आमच्या मते या ग्रंथाचं खरं नवल तेच आहे.

आवृत्ती वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली घ्या. ‘सुबोध’, ‘सोप्या मराठीत’ असं छापलेल्या पुस्तकांत संवादांचा कणा मोडून प्रवचन केलेलं असतं.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे. वाचायची भूक आहे, पण अर्ध्या तासात डोळे थकतात.
— वाचक, उदगीर

उत्तर : आधी नेत्रतपासणी, चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदू पाहून घ्या. मग उजेड : दिव्याचा झोत पुस्तकावर पडेल असा, वाचणाऱ्याच्या बाजूला मागून. चकचकीत कागदाची पुस्तकं टाळा. कादंबरीऐवजी पत्रं, लघुनिबंध, व्यक्तिचित्रं द्या, कारण वीस मिनिटांत एक पूर्ण होतं आणि अर्धवट राहिल्याची चुटपुट लागत नाही. ई-पुस्तकात अक्षर मोठं करता येतं, पण ते मजकूर-रूपातलं हवं. जुन्या पानांचे फोटो काढून केलेल्या फाइलीत अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते.

प्रश्न : गावच्या वाचनालयाला मिळालेली दानाची पुस्तकं पेटीत होती. उघडली तर कसर लागलेली. उन्हात टाकू का?
— कार्यकर्ता, किल्लारी

उत्तर : आपल्या एप्रिल-मेच्या थेट उन्हात टाकू नका. कागद पिवळा पडतो, बांधणीचा डिंक सुकून पानं सुटतात. सावलीत, वारा खेळेल अशा ओसरीवर पुस्तकं उभी करून पंख्यासारखी उघडी ठेवा, मऊ ब्रशनं शिवणीपाशी झाडा. कसर ओल आणि खळ यांवर जगते, म्हणून ती आधी बांधणीतच सापडते. मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे. मग पुस्तकं झाडून उपयोग नाही, भिंत आणि जमीन यांवर उपचार करून घ्यावे लागतात.

मांडणी भिंतीपासून चार बोटं पुढं आणि खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर ठेवा. डांबरगोळ्या कापडात बांधून कोपऱ्यात, पानांना चिकटून नकोत आणि मुलं बसतात त्या बंद खोलीत तर नकोतच. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन अक्षरासकट कागद खातो. पातळ कागदाची पट्टी आणि मैद्याची खळ वापरा : मैदा एक भाग, पाणी पाच भाग, मंद आचेवर पारदर्शक होईतो ढवळत राहायचं. बांधणीवाले कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, तेव्हा भांडं वेगळं ठेवा.

आणि तुमच्या किल्लारीच्या वाचनालयात अतुल देऊळगावकर यांचं १९९३च्या भूकंपावरचं ‘डळमळले भूमंडळ’ असायला हवं. नसेल तर पहिल्या खरेदीत घ्या.

प्रश्न : गटावर पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात. कोणत्या चालतात, कोणत्या नाहीत?
— वाचक, अंबड

उत्तर : लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. परभणीचे बी. रघुनाथ १९५३ साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०१४पासून खुलं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११पासून. नाथांच्या ओव्या सर्वांच्याच, पण त्यांवर आजच्या संपादकानं लिहिलेल्या टीपा आणि प्रस्तावना त्याच्या. अनुवादाचा हक्क अनुवादकाच्या निधनावर वेगळा मोजतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं मंडळानंच संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. ‘किशोर’ मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंकही बालभारतीनं खुले केले आहेत, घरात दहा-बारा वर्षांचं पोर असेल तर त्यापासूनच सुरू करा. गेल्या पाच-दहा वर्षांतल्या कादंबरीची फाइल कुणी पाठवली तर ती चोरीची समजायला हरकत नाही. मराठीत हजार-पाचशे प्रतींची आवृत्ती संपायला वर्षं लागतात, आणि ती संपली नाही तर त्या लेखकाचं पुढचं पुस्तक प्रकाशक घेत नाही.